विष्णुभट गोडसे : एका भिक्षुकाचा प्रवास

माळवा, बुंदेलखंड आणि गंगायमुनेचा प्रदेश यांत मराठी माणसे कशी गेली, कोठे स्थिरावली आणि तेथे त्यांनी कोणते संसार उभे केले, याचा विचार करू लागले की सामान्यतः सरदारांची नावे पुढे येतात. शिंदे, होळकर, पवार, नेवाळकर, गोविंदपंत बुंदेले ही ती नावे. त्यांच्या पराक्रमाची आणि राज्यकारभाराची साधने विपुल आहेत. परंतु या सर्व गावांतून पायी हिंडलेल्या, तेथील वाड्यांत जेवलेल्या, तेथील घाटांवर स्नानसंध्या केलेल्या आणि तेथील सर्वांत भीषण वर्ष उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका साध्या माणसाची हकीगत आपल्या भाषेत उपलब्ध आहे, हे मराठीचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे. हा माणूस सरदार नव्हता, मुत्सद्दी नव्हता, व्युत्पन्न ग्रंथकारही नव्हता. तो कोकणातील एक गरीब भिक्षुक होता. वरसईचे विष्णुभट गोडसे हे त्यांचे नाव आणि ‘माझा प्रवास’ हा त्यांचा एकमेव ग्रंथ.

पेण तालुक्यातील वरसई हे विष्णुभटांचे गाव. आज ते रायगड जिल्ह्यात मोडते. त्यांचा जन्म १८२७ च्या सुमारास झाला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पेशवाईबरोबर पुण्याचा रमणा गेला, दक्षिणा गेली, सरदारांच्या घरची अनुष्ठाने कमी झाली आणि वेदविद्येवर पोट भरणाऱ्या शेकडो कुटुंबांचा आधार तुटला. वरसईचे गोडसे हे अशांपैकीच एक घर. घरात माणसे पुष्कळ, मिळकत तुटपुंजी आणि डोक्यावर कर्ज. विष्णुभट वडील मुलगा. याज्ञिकी शिकलेले, आचारनिष्ठ आणि कष्टाळू. घरचे ऋण फेडायचे कसे, ही एकच चिंता त्यांना तरुणपणापासून लागलेली होती.

अशा वेळी उत्तरेतून एक वार्ता आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपयांचा व्यय व्हावयाचा आहे, असे कोकणात कळले. बायजाबाई या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ मध्ये पती निवर्तल्यानंतर त्यांनी काही वर्षे राज्यकारभार पाहिला होता. काशीस ज्ञानवापीचा मंडप त्यांनीच बांधविला. त्यांच्या दानधर्माची कीर्ती महाराष्ट्रात घरोघर पोहोचलेली होती. त्या यज्ञात ऋत्विजांना मोठी दक्षिणा मिळेल, एका खेपेत घरचे कर्ज फिटेल, शिवाय काशीयात्राही घडेल, असा हिशेब विष्णुभटांनी आणि त्यांचे काका रामभट यांनी केला. वडिलांच्या मनातून मुलाने जावे असे नव्हते. हिंदुस्थान म्हणजे फार दूरचा मुलूख. तेथे भांगेचे व्यसन फार आणि तिकडच्या बायका परदेशी माणसाला भुलवितात, अशी कोकणातील वडीलधाऱ्यांची समजूत होती. या दोन्ही गोष्टींपासून दूर राहण्याची हमी दिल्यानंतरच विष्णुभटांना अनुज्ञा मिळाली. १८५७ च्या पूर्वार्धात काकापुतणे घराबाहेर पडले. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या दोघांना यत्किंचितही कल्पना नव्हती.

हा प्रवास आगगाडीच्या पूर्वीचा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली होती, पण सह्याद्रीच्या पलीकडील सारा मार्ग पायांनी, फार तर भाड्याच्या बैलगाडीने कापावयाचा होता. तरीही कोकणातील एक भिक्षुक शेकडो कोसांवरच्या मुलखात निर्धास्तपणे निघू शकत होता, याचे कारण त्या मार्गावर मराठी वसतीचे टप्पे होते. इंदुरात होळकर, धारेत पवार, उज्जैन आणि ग्वाल्हेर येथे शिंदे, झाशीत नेवाळकर, काल्पी-जालवण भागात गोविंदपंतांनी बसविलेली ठाणी, चित्रकूटजवळ कर्वी येथे अमृतराव पेशव्यांचा वंश आणि कानपुराजवळ ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांचा परिवार, अशी ही साखळी होती. यांतील प्रत्येक ठिकाणी महाराष्ट्रातून गेलेले कारकून, शिलेदार, शास्त्री, वैद्य आणि आचारी यांची घरे होती. अन्नछत्रे होती, मराठी बोलणारे लोक होते आणि गावाकडची बातमी विचारणारे कोणीतरी हमखास भेटे. भिक्षुकाजवळ धन नसले तरी विद्या आणि ओळखी असत, व तेवढ्या भांडवलावर त्याला मुक्काम मिळे. विष्णुभटांचा ग्रंथ वाचताना ही साखळी एकेका दुव्याने आपल्यासमोर उलगडत जाते. त्या वर्षी तिचे कित्येक दुवे कायमचे तुटावयाचे होते.

सातपुडा ओलांडून महूच्या छावणीकडे जात असताना काकापुतण्यांना शिपायांची गाठ पडली. नव्या काडतुसांविषयीचा असंतोष, धर्म बुडविला जाणार ही भीती आणि लवकरच काहीतरी घडणार हा निश्चय त्यांनी या ब्राह्मणांच्या कानांवर घातला. मीरतेस १० मे १८५७ रोजी ठिणगी पडली आणि १ जुलै रोजी महू व इंदूर येथे उठाव झाला. शहाण्या माणसाने येथूनच माघारी फिरावे, अशी ही वेळ होती. काकापुतण्यांनी तसा विचारही केला असावा. पण रिकाम्या हाताने घरी जाऊन कर्ज तसेच उभे राहणार होते. ते पुढे निघाले. पुढील सर्व हालअपेष्टांचे मूळ या निर्णयात आहे, आणि तो निर्णय साहसाच्या हौसेपोटी घेतलेला नसून गरजेपोटी घेतलेला होता, हे विसरता येत नाही.

माळव्यात त्यांनी काही काळ काढला. क्षिप्रेच्या तीरावरील उज्जैन, महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग, पवारांची धार नगरी, ही स्थाने त्यांच्या वाटेवर आली. सर्वत्र धामधूम, अफवा आणि अनिश्चितता होती. तरी देवळांतील पूजा, श्रीमंतांकडील अनुष्ठाने आणि दानधर्म चालूच होते. भिक्षुकाच्या दृष्टीने पाहिलेले हे माळव्याचे दर्शन मोठे मनोरंजक आहे. कोणते घर उदार, कोठे विद्वानांचा मान राखला जातो, कोठे धान्य स्वस्त, कोठे पाणी गोड, असल्या गोष्टी इतिहासकारांच्या हिशेबात येत नाहीत. विष्णुभटांच्या हिशेबात मात्र त्या प्रथम येतात, आणि म्हणूनच त्या काळची नगरे त्यांच्या लेखनात जिवंत वाटतात.

तेथून ते ग्वाल्हेरीस पोहोचले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली आपला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. मराठी घरांची तेथे दाटी होती. परंतु ज्यासाठी एवढी पायपीट केली तो यज्ञ या वादळात राहूनच गेला. तरुण जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे हे इंग्रजांशी मैत्री टिकवून होते. कंटिंजेंट पलटणींनी मात्र १४ जून १८५७ रोजीच उठाव केला होता. दरबार एका बाजूस आणि पलटणी दुसऱ्या बाजूस, अशा त्या शहरात भिक्षुकाला यज्ञाची दक्षिणा कोठून मिळणार? थोडीफार प्राप्ती झाली, पण ती कर्ज फेडण्याइतकी नव्हती. तेव्हा झाशीकडे जावे, तेथे विद्वानांना आश्रय आहे, असा विचार करून ते झाशीस गेले.

झाशी आज उत्तर प्रदेशात असली तरी तेव्हा ती मराठी संस्थान होती. गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये निवर्तले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक इंग्रजांनी नामंजूर केले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. जून १८५७ मध्ये तेथील पलटणी उठल्या आणि कारभार पुन्हा लक्ष्मीबाईंच्या हाती आला. विष्णुभट गेले ते या अल्पकाळच्या राज्यात. त्यांनी पाहिलेल्या लक्ष्मीबाई पुतळ्यातल्या किंवा चित्रातल्या नाहीत. पहाटे उठून व्यायाम करणाऱ्या, घोड्यांची उत्तम पारख असणाऱ्या, पूजाअर्चा नेमाने करणाऱ्या, महालक्ष्मीच्या दर्शनास कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून जाणाऱ्या आणि दरबारात बसून दिवाणी-मुलकी कामांचा स्वतः निकाल करणाऱ्या अशा त्या आहेत. थंडीच्या दिवसांत गरीब लोकांचा जमाव दृष्टीस पडताच चौकशी करून त्यांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटण्याची त्यांनी आज्ञा केली, ही हकीगत विष्णुभटांनी नोंदविली आहे. रणांगणावरील शौर्याची साक्ष देणारे पुष्कळ आहेत. घोंगडी वाटणारी राणी मात्र आपल्याला बहुतांशी या भिक्षुकानेच दाखविली.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोझ आपल्या सैन्यासह झाशीपुढे येऊन ठाकला. वेढा पडला आणि तोफांचा मारा अहोरात्र सुरू झाला. शहरातील कुटुंबे तळघरांत आणि आडोशांना दिवस काढू लागली. पाणी आणणेही जिवावरचे काम झाले. तात्या टोपे सुमारे वीस हजार फौजेनिशी मदतीस येत आहेत, या बातमीने लोकांना धीर आला. परंतु १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी तात्यांचा पराभव झाला आणि शहराची आशा मावळली. ३ एप्रिल रोजी इंग्रजी फौज तटावरून आत शिरली. पुढल्या रात्री राणीने दामोदररावास बरोबर घेऊन, शत्रूच्या फळीतून मार्ग काढीत काल्पीची वाट धरली. त्यांचे वडील मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आले.

विष्णुभट आणि त्यांचे काका शहरातच अडकले होते. यापुढचे काही दिवस हा त्यांच्या ग्रंथाचा सर्वांत दारुण भाग आहे. घरोघर शिरून शिपाई पुरुषांना ठार मारीत होते. ज्याला लपण्यास जागा मिळाली तो वाचला. हलवाईपुऱ्यासारखी गजबजलेली वस्ती आगीच्या स्वाधीन झाली. लुटीलाही एक क्रम होता. प्रथम सोने, रुपे आणि जडजवाहीर, मग भांडीकुंडी, मग कपडे आणि शेवटी धान्य, अशा रीतीने नगर धुऊन काढण्यात आले. कत्तल थांबल्यावर प्रेतांना अग्नी देण्यासही माणूस मिळेना. घरातील लाकूडसामान काढून रस्त्यांतच चिता रचल्या गेल्या. विष्णुभट हे सारे आक्रोश न करता सांगतात. एका घरातून दुसऱ्या घरात कसे गेलो, कोठे लपलो, खायला काय मिळाले, कोण जिवंत आढळले आणि कोण मेले, इतकेच. काकापुतण्यांनी आजवर जमविलेली सर्व पुंजी या लुटीत गेली. जीव तेवढा राहिला.

या संहारात एका गोष्टीची नोंद विष्णुभटांनी विशेष हळहळून केली आहे, आणि ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या ग्रंथात तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. झाशीच्या राजवाड्यात एक मोठा पुस्तकसंग्रह होता. वेद, भाष्ये, सूत्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा नाना विषयांच्या हस्तलिखित पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे जमविल्या होत्या. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरांत लिहून त्या रेशमी बासनांत बांधून ठेवलेल्या असत. दूरदूरचे पंडित तेथील पोथ्यांच्या नकला करून नेत, अशी त्या संग्रहाची ख्याती होती. लुटारूंना पोथ्यांचा उपयोग नव्हता. त्यांनी बासने तेवढी काढून घेतली आणि पाने बाहेर भिरकावून दिली. पिढ्यांचे काम एका दुपारी वाऱ्यावर उडून गेले. स्वतःची पै न पै लुटली गेलेली असताना एका भिक्षुकाला या पानांचे दुःख वाटावे, यात त्यांचे संस्कार दिसतात. सोने पुन्हा मिळविता येते, पण ज्या पोथीची दुसरी प्रत नाही ती एकदा गेली की गेलीच, हे ज्याने हाताने पोथ्या उतरून घेतल्या आहेत त्यालाच कळावे.

झाशीतून निसटून काकापुतणे काल्पीच्या वाटेला लागले. या वाटेवरील एक प्रसंग वाचकांच्या विशेष स्मरणात राहतो. एका विहिरीपाशी ते पाणी काढीत असता काही घोडेस्वार तेथे आले. त्यांत पठाणी पोशाखातील, धुळीने माखलेल्या आणि तहानेने व्याकूळ झालेल्या लक्ष्मीबाई होत्या. विष्णुभटांनी त्यांना ओळखून पाणी काढून देऊ केले. परंतु विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेणे त्यांना उचित वाटले नाही. दोरी हाती घेऊन त्यांनी स्वतःच पाणी ओढले आणि मातीच्या भांड्यातून ओंजळीने त्या प्यायल्या. आपल्यासारख्या विधवेला चार मुठी तांदूळ पुरेसे होते, धर्मासाठी हे ओढवून घेतले, पण ईश्वराने यश दिले नाही, अशा आशयाचे त्या थोडेसे बोलल्या आणि घोड्यावर बसून निघून गेल्या. पुढे २३ मे रोजी काल्पी पडली, १ जून रोजी ग्वाल्हेर त्यांच्या हाती आले आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या शहराबाहेर लढताना त्यांना वीरमरण आले. विहिरीवरची ती भेट जर एका भिक्षुकाने लिहून ठेवली नसती, तर पराभवाच्या त्या दुपारी राणीच्या मनात काय चालले होते, याचा मागमूसही आपल्याला लागला नसता.

यानंतर कोणीही घराचा रस्ता सुधारला असता. पण आता काकापुतण्यांजवळ गमावण्यासारखे काही उरले नव्हते, आणि काशीयात्रेचा संकल्प अपुरा होता. चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, काशी असा त्यांचा पुढील प्रवास झाला. जेथे जावे तेथे नुकत्याच शमलेल्या आगीची राख होती. ब्रह्मावर्तास पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त झाला होता. कर्वीच्या पेशव्यांचा खजिना इंग्रजांनी जप्त केला होता. वाटेत चोर, शिपाई, संशयी अधिकारी यांचा उपद्रव होताच. तरी घाटावरचे स्नान, देवदर्शन आणि नित्यनेम त्यांनी सोडला नाही. अखेरीस गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन विष्णुभट दक्षिणेकडे वळले. घर सोडल्यापासून तीन वर्षे होत आली असता ते वरसईस पोहोचले. मुलगा जिवंत असेल ही आशा घरच्यांनी बहुधा सोडलीच होती. त्यांनी आणलेल्या गंगाजलाने आईवडिलांना स्नान घातले. दक्षिणा मिळविण्यासाठी निघालेल्या मुलाने घरी आणले ते एवढेच. कर्ज जसेच्या तसे राहिले आणि दारिद्र्याने त्यांना पुढेही सोडले नाही.

एवढ्यावर ही कथा संपली असती. भिक्षुकी करीत, प्रसंगाने कोणी विचारले तर चार गोष्टी सांगत विष्णुभटांनी उरलेले आयुष्य काढले असते आणि त्यांच्याबरोबर त्या आठवणीही गेल्या असत्या. तसे झाले नाही, याचे श्रेय चिंतामण विनायक वैद्य यांना आहे. पुढे भारताचार्य म्हणून प्रसिद्धी पावलेले आणि ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्याच्या प्रमुखपदी काम केलेले हेच ते वैद्य. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्याय होते. १८८३ च्या सुमारास, स्वतः बाविशीत असताना, वैद्यांनी या वृद्धत्वाकडे झुकलेल्या उपाध्यायांना आपला वृत्तांत लिहून काढण्याची गळ घातली. विष्णुभटांनी लेखणी घेतली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा सर्व प्रवास आठवून लिहून काढला.

लिहून झाले, पण छापता येईना. बंडाविषयी हिंदी माणसाने, तेही झाशीच्या कत्तलीविषयी, उघड लिहावे, असा तो काळ नव्हता. लेखकावर आणि प्रकाशकावर सरकारचा रोष ओढवण्याची भीती होती. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले, तरी विष्णुभटांचे बाड बाहेर आले नाही. लेखक हयात असेपर्यंत ते छापू नये, असेच ठरले. अखेर १९०७ मध्ये, त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा आणि विष्णुभट इहलोक सोडून गेल्यावर, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. आपले पुस्तक छापील स्वरूपात पाहणे विष्णुभटांच्या नशिबी नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वैद्यांनी प्रसिद्ध केलेला ग्रंथ हा विष्णुभटांचा जसाच्या तसा मजकूर नव्हता. संपादकाने भाषा नीटनेटकी केली, काही भाग गाळला आणि काळाच्या रुचीला व सरकारच्या भीतीला अनुसरून फेरफार केले. हे त्यांनी वाईट हेतूने केले असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी ते केले नसते तर ग्रंथ कदाचित छापलाच गेला नसता. परंतु परिणाम असा झाला की, सुमारे साठ वर्षे मराठी वाचक विष्णुभटांना दुसऱ्याच्या भाषेत वाचत राहिले. सुदैवाने मूळ बाड नष्ट झाले नाही. ते १९२२ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात गेले. तेथे ते सुरक्षित राहिले. १९६६ मध्ये महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी त्या मूळ हस्तलिखितावरून शुद्ध पाठ प्रसिद्ध केला, आणि तेव्हा कुठे विष्णुभटांचा खरा आवाज वाचकांच्या कानी पडला. अमृतलाल नागर यांनी या ग्रंथाला हिंदीत नेले. एकविसाव्या शतकात त्याची एकाहून अधिक इंग्रजी भाषांतरे झाली. वरसईच्या भिक्षुकाचा प्रवास अजून चालूच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विष्णुभटांच्या लेखनातील उणिवा दाखविणे अवघड नाही. पंचवीस वर्षांनंतरच्या स्मरणावर ते विसंबून आहेत. तिथी आणि संख्या यांत चुका आहेत. ऐकीव गोष्टी आणि पाहिलेल्या गोष्टी ते नेहमीच वेगळ्या ठेवीत नाहीत, आणि बाजारगप्पांनाही जागा देतात. जातिभेद, सोवळेओवळे, स्त्रियांच्या वर्तनाविषयीचे ग्रह यांत ते आपल्या काळाचे आणि आपल्या वर्गाचेच प्रतिनिधी आहेत. आजच्या वाचकाला त्यांतील काही मजकूर खटकल्यावाचून राहत नाही, आणि तो खटकावा हेच योग्य. परंतु त्यांनी आपली भीती लपविली नाही, शौर्याचा आव आणला नाही आणि इंग्रज अथवा बंडवाले कोणाचीही वकिली केली नाही. पैसा मिळविण्यासाठी निघालो होतो, हे ते प्रथमच सांगून टाकतात. ज्याला स्वतःचा मोठेपणा सिद्ध करावयाचा नाही, त्याच्या साक्षीला एक वेगळे वजन असते. १८५७ चे इतिहास सेनापतींच्या पत्रांवरून आणि सरकारी कागदपत्रांवरून लिहिले गेले. वेढ्यातल्या तळघरात बसलेल्या माणसाला काय वाटत होते, हे सांगणारे कागद अगदी थोडे आहेत.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांना हा ग्रंथ आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. आपले पूर्वज ज्या वाटांनी आले, ज्या वाड्यांच्या आश्रयाने राहिले, ज्या देवळांत त्यांनी कथाकीर्तने ऐकली, त्या सर्वांचे सामान्य माणसाच्या नजरेतून केलेले असे वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण आहे. त्या वाड्यांपैकी काही पडले, काहींत कचेऱ्या आल्या. संस्थाने गेली, दक्षिणा गेली, अन्नछत्रेही बहुतेक गेली. त्यांच्या मागून आली ती मराठी ग्रंथालये, वाचनालये आणि शाळा. राजाश्रयावर अवलंबून न राहता लोकांनी वर्गणी जमवून उभारलेल्या या संस्थांनी भाषेचा तो धागा पुढे नेला.

विष्णुभटांनी झाशीत एक संग्रह नष्ट होताना पाहिला, आणि त्यांचे स्वतःचे बाड दुसऱ्या एका संग्रहात वाचले. एका तरुणाने विचारले म्हणून ते लिहिले गेले, आणि एका संस्थेने जपले म्हणून त्याचा मूळ पाठ हाती आला. आपल्या सभासदांच्या घरी, जुन्या पेट्यांत आणि माळ्यांवर, पणजोबांच्या वह्या, पत्रे, हिशेबाची बाडे आणि यात्रांच्या टिपणी अजूनही पडून असतील. घरातील वृद्धांना त्यांच्या आठवणी लिहून काढण्याची गळ घालावी आणि ते कागद ग्रंथालयाच्या कपाटात आणून ठेवावेत. शताब्दीच्या वर्षी सभासदांनी ग्रंथालयाला द्यावी अशी याहून चांगली देणगी नाही.